नांगर टाकून सिगिरियाला

बोटीवर राहणाऱ्या माणसांना भेटेल तो विचारतो, "मग किती देश पाहून झाले?" खरं सांगायचं तर आम्ही बंदरं पाहिली आहेत. देश पाहायचा तर आत जावं लागतं आणि आत जायचं तर बोट सोडावी लागते. आमची बोट अडतीस फुटी, शिडाची. घर तेच, गाडी तीच आणि नवऱ्याचा फंडही तिच्यातच गेलेला. ते सगळं एका साखळीच्या भरवशावर ठेवून रात्री दुसरीकडे झोपायला जायचं म्हणजे काळीज घट्ट करावं लागतं. म्हणून कित्येक जोडपी अर्धं जग पालथं घालतात, पण जेटीपासून रिक्षाच्या पल्ल्यापलीकडे फिरकत नाहीत. श्रीलंकेत मात्र आम्ही ठरवून आत गेलो.

थायलंडमधल्या फुकेतहून निघालो तेव्हा ईशान्येचा वारा चांगला लागला होता. आधी अंदमानचा समुद्र. मग निकोबारची बेटं, आपलीच खरी, पण परवानगीशिवाय तिथे थांबता येत नाही, म्हणून लांबूनच रामराम. पुढे मोकळा बंगालचा उपसागर. सगळे मिळून हजार-अकराशे सागरी मैल. यॉटवाले श्रीलंकेत शिरतात ते मुख्यतः दोन ठिकाणी, दक्षिणेला गॉल किंवा पूर्वेला ट्रिंकोमाली. गॉलचा किल्ला देखणा आहे, पण तिथल्या बंदरात लाटांची उसळी आत येते, बोट रात्रभर दोर ओढत राहते, असं तिथे राहून आलेले सांगत. ट्रिंकोमालीचं आतलं बंदर जमिनीच्या कुशीत आहे. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळे या जागेसाठी एकमेकांशी लढले आणि एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी इथे बाँब टाकले, ते उगाच नाही. शिवाय सिगिरिया, म्हणजे जुन्या राजवाड्याचा तो प्रसिद्ध कातळ, इथून फक्त शंभरेक किलोमीटर. फेब्रुवारी लागला की पूर्वेकडचा पाऊसही आटोपलेला असतो.

एजंट नेमल्याशिवाय या देशात यॉटचं पान हलत नाही. पिवळा झेंडा (तपासणी व्हायची आहे अशी खूण) चढवून बसायचं, मग आरोग्यवाले, कस्टमवाले, इमिग्रेशनवाले असे क्रमानं येतात. प्रत्येकाला क्रू लिस्टची वेगळी प्रत लागते आणि प्रत्येक प्रतीवर बोटीचा शिक्का. हा शिक्का आम्ही पुण्यातल्या एका गल्लीत करून घेतला होता. पण कागदावर तो उमटला की समोरच्या साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते पासपोर्ट पाहूनही दिसत नाही. लिस्टमध्ये नवरा 'मास्टर' आणि मी 'क्रू'. स्वयंपाक, शिडांची शिवण, मध्यरात्रीचा पहारा, सगळं त्या एका शब्दात बसवलेलं.

आता बोट सोडायची तयारी. ज्यांना हे कधी करायचंय त्यांनी हा भाग नीट वाचावा, बाकीच्यांनी थेट सिगिरियाला जावं.

नांगर टाकल्यावर पहिले काही दिवस आम्ही हललोच नाही. चिखलाचा तळ होता, नांगर चांगला रुतला होता. तरी नवऱ्यानं इंजिन मागे घेऊन साखळी ताणून पाहिली, मग आणखी साखळी सोडली. साखळी पाण्याच्या खोलीच्या सहापट झाल्याशिवाय त्याला झोप येत नाही. किनाऱ्यावरचे दोन ठळक बिंदू धरून रेघ पकडायची: अमक्या मनोऱ्यापुढे तमकं झाड. वारा फिरला तरी ती जोडी थोड्याफार फरकानं जागेवर आली पाहिजे. एका जुन्या फोनवर अॅलार्म लावला, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की तो केकाटतो. अर्थात बोटीवर ऐकायला कुणी नसेल तर तो कुणासाठी केकाटणार? म्हणून शेजार लागतो.

आमचे शेजारी एक जर्मन जोडपं होतं. त्यांना एक किल्ली दिली आणि सोबत एक कागद: बॅटरीचं मुख्य बटण कुठे, हातपंपाचा दांडा कुठे, एजंटचा नंबर काय, साखळी आणखी सोडायची झाली तर कशी. मग बोटीच्या तळाचे पाणी आत-बाहेर करणारे सगळे सीकॉक बंद केले. एकच सोडला, बिल्ज म्हणजे बोटीच्या तळात साठणारं पाणी उपसणाऱ्या पंपाचा. त्या पंपाचा तरंगता स्विच वेळेवर उचलला जातो का हे पाहायला मी तळात बादलीभर खारं पाणी ओतलं. पंप सुरू झाला, पाणी बाहेर गेलं, मग पुन्हा एक बादली. गॅस सिलिंडर बंद. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलं, नाहीतर परत आल्यावर आत बुरशीची बाग फुलते. पुढचं शीड गुंडाळून वरून दोराचे फेरे घातले, कारण एखाद्या वावटळीत ते आपोआप उलगडलं तर नांगराचं काही खरं नाही. किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, म्हणजे डिंघी, डेकवर चढवून बांधली. किनाऱ्यावर आम्हाला जर्मनांनीच त्यांच्या डिंघीतून सोडलं.

गाडीचं म्हणाल तर भाडं दिवसावर ठरतं आणि वर किलोमीटरची मर्यादा असते. ड्रायव्हरच्या जेवणाझोपण्याचं काय, हे आधीच विचारून घ्यावं. बऱ्याच गेस्टहाउसांत ड्रायव्हरची सोय असते, पण सगळीकडे नाही. आमचा ड्रायव्हर मुत्तूरचा, तमिळ बोलणारा. पहिल्या दहा मिनिटांत मी 'अक्का' झाले आणि नवरा 'अण्णा'. त्यानं मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान आणि लाकडी कोरीव कामाचा कारखाना असे तीन थांबे सुचवले. मी सांगितलं, "आम्ही कोकणातले, दालचिनी आणि मिरवेल आमच्या परसात आहे." तो हसला आणि तिन्ही थांबे त्यानं तिथेच सोडून दिले. कमिशन बुडालं तरी प्रवासभर त्याचं तोंड वाकडं झालं नाही, हे मुद्दाम लिहिते.

कांतळेला पहिला तलाव लागला. सिंहली भाषेत तलावाला 'वेवा' म्हणतात आणि या भागात दर थोड्या अंतरावर एक वेवा आहे. कांतळेचा इतका मोठा की पलीकडचा काठ धूसर दिसतो. बंधाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा ड्रायव्हरनं सांगितलं की एप्रिल 1986 मध्ये हा बंधारा फुटला होता, शंभरावर माणसं गेली. नवरा पुण्यात वाढलेला. त्याच्या तोंडून लगेच 'पानशेत' निघालं आणि मग 12 जुलै 1961 ची आईकडून ऐकलेली सगळी कहाणी त्यानं ड्रायव्हरला इंग्रजीतून ऐकवली.

पाण्याशी आमचं नातं जरा वेगळं आहे हे इथे सांगायला हवं. बोटीच्या टाकीत तीनशे लिटर मावतं. तेवढ्यात समुद्र ओलांडायचा. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटी मगभर गोड्या पाण्यानं विसळायची. आंघोळ म्हणजे समुद्रात बुडी आणि वरून दोन तांबे. म्हणून हबरणाजवळच्या गेस्टहाउसमध्ये पोचल्यावर मी पहिल्यांदा नळ सोडला आणि तो सुरूच राहिला, तेव्हा नवरा बाहेरून ओरडला, "अगं, टाकी संपेल!" मी म्हटलं, "त्यांची आहे, संपू दे." मग दोन पिशव्या कपडे धुवून मालकीणबाईंच्या अंगणात वाळत घातले. त्या बिचाऱ्या पाहतच राहिल्या.

सिगिरियाला दार उघडायच्या सुमारास पोचलो. परदेशी प्रवाशांना तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना ते निम्म्यात मिळतं. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. बोटीचे लोक पासपोर्ट कुलपात ठेवून झेरॉक्स घेऊन फिरतात, इथे मूळ प्रत जवळ बाळगा.

सपाट जंगलातून जवळजवळ दोनशे मीटर उंच उठलेला हा एकटा कातळ. राजा कश्यपनं (477 ते 495) त्यावर राजवाडा बांधला. बापाला मारून गादीवर बसलेला, भाऊ मोग्गलान भारतात पळालेला आणि कधीही फौज घेऊन परत येईल ही धास्ती. वर जाण्याआधी खाली बागा लागतात आणि माझा पाय तिथेच अडकला. सरळ रेषेतली तळी, दगडी पन्हाळी आणि चुनखडीच्या भोकं पाडलेल्या चकत्या. ही कारंजी. पावसाळ्यात जमिनीखालच्या नळांत पाणी चढलं की ती आजही उडतात. दीड हजार वर्षांची नळजोडणी! आमच्या बोटीवरचा सिंकचा नळ दोन वर्षांत गळायला लागला.

बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्याचं काही नाही, पण बरेच दिवस पाण्यावर काढून जमिनीवर आलं की जमीन डुलते. सपाटीवर ते जाणवत नाही. कड्याला टांगलेल्या लोखंडी गोल जिन्यावर मात्र बरोबर जाणवतं. मी कठडा दोन्ही हातांनी धरून चढले. मागच्या फ्रेंच बाईंना वाटलं उंचीची भीती आहे. त्यांना काय सांगणार, मी डोलकाठीवर चढून दिवा बदलते म्हणून.

वर कपारीत कातळावर रंगवलेल्या त्या प्रसिद्ध बायका. फोटो काढायला बंदी आहे आणि ते चांगलंच आहे, कारण त्यामुळे माणसं बघतात तरी. कंबरेपर्यंतच काढलेल्या, खाली ढग, हातात फुलं. एकीच्या मनगटाची रेघ चित्रकारानं आधी एका जागी ओढली आणि मग बदलली, दोन्ही रेघा दिसतात. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला इथे घरचं कुणी भेटल्यासारखं वाटणार. अजिंठ्याची सतराव्या लेण्यातली चित्रं वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळातली, म्हणजे याच शतकातली, आणि त्याच लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची लंकेवर जाण्याची कथा रंगवलेली आहे: जहाज फुटणं, राक्षसिणी, घोडा, लढाई. आम्ही ती कथा औरंगाबादेहून जाऊन पाहिली होती, तेव्हा बोट घेण्याचं डोक्यातही नव्हतं. सिगिरियाच्या बायकांवर मात्र ऑक्टोबर 1967 मध्ये कुणीतरी रात्री रंग फासला होता. तज्ज्ञांनी तो मोठ्या कष्टानं काढला, तरी काहींची इजा कायमची राहिली.

पुढे आरशाची भिंत. पूर्वी इतकी गुळगुळीत होती की तोंड दिसे. आठव्या शतकापासून पुढे आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर या बायकांबद्दल कविता कोरल्या. सेनरत परणवितान या संशोधकानं त्यातल्या 685 वाचून 1956 मध्ये छापल्या. आता कुणी नखानंही ओरखडा काढला तर पोलिस धरतात. हजार वर्षं जुनं झालं की 'बाळूचं सुमनवर प्रेम आहे' हेसुद्धा वारसा होतं.

माथ्याच्या वाटेवर पूर्वी सिंहाच्या आकाराचं दार होतं, त्या सिंहाच्या पंजांपाशी गांधीलमाश्यांची सूचना आहे आणि माणसांसाठी जाळीचे पिंजरे आहेत. माश्या उठल्या तर आपण पिंजऱ्यात शिरायचं. सिंहाचं डोकं गेलं, पंजे राहिले. त्यांच्यामधून वर गेलं की माथा, आणि माथ्यावर पुन्हा पाणी: कातळात कोरलेलं मोठं तळं.

कश्यपच्या बापाची गोष्ट नवऱ्यानं वर बसून सांगितली. चूलवंस या लंकेच्या जुन्या पाली बखरीत ती आहे. राजा धातुसेनानं कलावेवा हा प्रचंड तलाव बांधला होता. कश्यपनं त्याला कैद करून विचारलं, खजिना कुठे आहे? म्हातारा कश्यपच्या माणसांना तलावावर घेऊन गेला, पाण्यात उतरून न्हाला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हीच माझी दौलत. मग त्याला मारलं. या तलावातून अनुराधपुराला जाणारा कालवा आहे, त्याचा पहिल्या सतरा मैलांचा उतार मैलाला फक्त सहा इंच. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. राजाच्या खुनापेक्षा हे सहा इंच त्याच्या जास्त जिव्हारी लागले. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं.

दांबुल्लाच्या पाच गुहा पाहिल्या, छतावरची रंगीत नक्षी सुंदर आहे, गर्दी फार. मान दुखेपर्यंत वर पाहावं आणि निघावं. कँडी आणि एल्लाची प्रसिद्ध रेल्वे आम्ही मुद्दाम सोडली. बोट पाण्यावर असताना दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त लांब राहायचं नाही असा आमचा नियम आहे आणि त्यात सगळा देश कोंबायला गेलं की खिडकीतून फक्त ट्रकच्या पाट्या दिसतात.

पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीच्या वाटेवर बोलता बोलता महावंस या लंकेच्या आणखी एका जुन्या बखरीचा विषय निघाला. सिंहली लोकांचा मूळपुरुष विजय, त्याला बापानं सातशे साथीदारांसकट जहाजात घालून हाकललं. ते जहाज आधी लागलं सुप्पारकाला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला. तिथे साथीदारांनी दांडगाई केली, वातावरण तापलं, म्हणून तिथून निघून ते लंकेत आले. विरार लोकलमध्ये धक्के खाऊन चढणाऱ्या कुणालाही यात अविश्वसनीय असं काही वाटणार नाही.

पोलोन्नरुवात वाटादागेच्या, म्हणजे गोल स्तूपघराच्या पायऱ्यांवर माझ्या बुटाचा तळ निघाला. महिनोन्‌महिने बोटीच्या कपाटात दमट हवेत राहिले की बुटांच्या डिंकाचा भुगा होतो. ड्रायव्हरनं निमूटपणे स्वतःच्या चपला काढून दिल्या. नाहीतरी देवळांत अनवाणीच जायचं, फक्त दुपारी दगड तव्यासारखा तापलेला असतो. मोजे न्या.

गल विहार इथलं सगळ्यात मोठं. एकाच कातळात चार बुद्ध. झोपलेली मूर्ती चौदा मीटर लांब, पण बघत राहावी अशी गोष्ट आहे उशी. डोक्याच्या भारानं उशी किंचित दबलेली कोरली आहे, दगडात! आणि पाय पाहा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरासं मागे. नुसता झोपलेला बुद्ध दाखवायचा तर पावलं जुळवून कोरतात, इथे ती सुटली आहेत, म्हणून हे महापरिनिर्वाण. शेजारी हात छातीवर दुमडून उभी असलेली सात मीटर उंच मूर्ती बुद्धाची की शोक करणाऱ्या त्याच्या शिष्याची, आनंदची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, रखवालदार लगेच टोकतो.

हे ज्याच्या काळातलं तो पराक्रमबाहू (1153 ते 1186). पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू नये, हे त्याचं म्हणणं. त्यानं बांधलेला 'समुद्र' नावाचा तलाव गावाला लागूनच आहे, जवळजवळ चौदा किलोमीटरचा बंधारा. संध्याकाळी तिथे बसलो. नवऱ्यानं वाळूत काडीनं बिसोकोटुवा काढून दाखवला. इतक्या खोल पाण्याला बंधाऱ्याखालून सरळ वाट दिली तर जोरानं बंधाराच फोडून काढेल. म्हणून बंधाऱ्याच्या पोटात चौकोनी दगडी विहीर बांधायची. पाणी आधी तिच्यात येतं, तिथे त्याचा दम मोडतो, तिथेच झडप वर-खाली करून हवं तेवढं बाहेर सोडायचं. दोन हजार वर्षांपूर्वीपासून हे लोक असं करत आहेत. "आपले सीकॉक याच जातीचे," तो म्हणाला आणि लगेच फोन काढून जर्मनांना मेसेज केला, बिल्ज कोरडं आहे ना? उत्तर आलं, कोरडं आहे, शिवाय तुमचा सूर्यास्तही आम्हीच बघतो आहोत.

जेवणाचं सांगायचं तर आम्ही कोकणी माणसं तिथे उपरी नव्हतो. सकाळी जे 'इडिअप्पम' म्हणून समोर आलं ते आमचे शिरवाळे. फक्त गोड रसाऐवजी खोबऱ्याची झणझणीत चटणी आणि डाळ. कोवळ्या फणसाची भाजी, माशाच्या आंबटात आमसुलाच्या गोतातलं गोरका. परतताना रस्त्याकडेला मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही घेतलं, वर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आपल्याकडे त्याची माडी काढतात, इथे ते पाणी आटवून काकवी करतात. नवऱ्याला दोन्ही मान्य आहे.

हबरणानंतर ड्रायव्हर घाई करू लागला. अंधार पडल्यावर या रस्त्यावर हत्ती येतात. आलाच एक, दिवस मावळायच्या आत, कडेच्या झुडपांत. सुळे नव्हते. श्रीलंकेत दहा नरांत एकालाही सुळे नसतात. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून गाडी लांब उभी केली आणि मागून हॉर्न देणाऱ्या बसवाल्याला हातानंच गप्प केलं. हत्ती रस्ता ओलांडून गेल्यावर मगच निघालो.

जेटीवर जर्मन डिंघी घेऊन हजर होते. आमचा मनोरा आणि झाड एका रेघेत होतं. बोटीवर नवरा आधी बिल्जमध्ये वाकला, मी आधी फ्रिजमध्ये. दोन्ही कोरडे. कॉकपिटमध्ये मडक्यातलं उरलेलं दही चौघांनी संपवलं. त्यांनी विचारलं, सगळ्यात चांगलं काय? नवरा म्हणाला, बिसोकोटुवा. मी म्हटलं, नळ. त्यांना त्यातून काही कळलं असेल असं वाटत नाही. त्यांनी ड्रायव्हरचा नंबर घेतला, भाडं किती ठरवलं ते विचारलं आणि सकाळी ते एल्लाला गेले. त्यांची किल्ली आता आमच्याकडे आहे आणि सोबत चार पानी कागद, तक्त्यासकट.